विहिरीतली हवा

बाविस्कर सरांनी ती गोष्ट जाता जाता सांगितली. जळगावात त्या दिवशी दुपारपासून लाईट नव्हते. कॉलेजच्या मागे जनरेटरची पत्र्याची खोली धडधडत होती, आणि पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली तिच्या दारापाशी अर्धगोल करून उभी होती. सरांनी हातातलं गॅस मीटर दारातून आत धरलं, तसं ते किंचाळायला लागलं. सगळे दचकून मागे सरले आणि मग दचकल्याबद्दल हसले. "दार उघडं आहे, तरी एवढं," सर म्हणाले. "कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो म्हणून माणसाला वाटतं, आपल्याला कळतंय. कळत काही नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं, माणूस जरा टेकतो. टेकला की संपलं. उद्या फील्ड टेक्निशियन म्हणून कुठल्या टाकीत, गटारात, विहिरीत उतरायची वेळ आली, तर आधी मीटर उतरवायचं, मग माणूस." मग मीटर बंद करता करता, जणू आठवलं म्हणून, ते पुढे म्हणाले, "आणि यात गेलेला माणूस गेल्यासारखा दिसत नाही बरं का. चेहरा गुलाबी राहतो. नातेवाईक म्हणतात, जिवंत आहे, दवाखान्यात न्या." ललित मागून म्हणाला, "म्हणजे सर, फेशियलचा खर्च वाचला." पोरं हसली. सरही थोडे हसले. दिपमालाच्या हातात आकडा लिहून घ्यायचा कागद होता. तिने आकडा लिहिला, त्यापुढे एकक लिहिलं, आणि मग तिला जनरेटरचा आवाज ऐकू येईनासा झाला.

तिच्या थोरल्या भावाचा, ज्ञानेश्वरभाऊचा, चेहरा गुलाबी होता. हे तिला आज आठवलं असं नाही. ही गोष्ट घरात रोजच्या भाकरीसारखी होती. सोनगीरच्या अलीकडे महामार्ग सोडून आत गेलं की त्यांचं गाव, आणि त्या गावात ज्या दिवशी भाऊला विहिरीतून वर काढून बाजेवर ठेवलं, त्या दिवसापासून माय तेवढं एकच सांगत आली होती. त्याचं तोंड लाल व्हतं. मना पोऱ्यानं तोंड लगीनमा ऱ्हास तसं व्हतं, लग्नातल्या नवरदेवासारखं. बायकांनीही ते पाहिलं होतं. "हाऊ पोऱ्या झोपेल शे व माय," असं कुणीतरी म्हणालं होतं, आणि दिपमाला तेव्हा अकरावीत होती, तिने पुढे होऊन भाऊच्या गालाला हात लावला होता. गाल गार होता आणि रंग गरम होता. त्या दोन गोष्टींचा मेळ तिच्या बोटांना कधी बसला नाही. पुढे किती तरी दिवस जेवताना, केस विंचरताना, वहीवर समास आखताना ती आपल्याच बोटांकडे बघत राहायची.

त्या वैशाखात पाणी पार खाली गेलं होतं. शेताला वीज देणारी डीपी जळालेली, वायरमन आज येतो उद्या येतो करत होता, आणि गवार, मिरची उन्हाने मान टाकत होती. तिच्या वडिलांनी, आबांनी, आपल्या चुलतभावाचं, झुलालचं, डिझेल इंजिन मागून आणलं. वरून पाणी ओढेना, म्हणून दोर बांधून ते विहिरीच्या आत खडकाच्या टप्प्यावर उतरवलं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. त्या भागात सगळेच तसं करत. पाणी खाली गेलं की इंजिन खाली जातं. भाऊ पाईप नीट करायला उतरला आणि पुष्कळ वेळ वर आला नाही. त्याला पाहिलं तेव्हा तो कंबरभर पाण्यात, भिंतीला पाठ लावून बसलेला होता, मान पुढे पाण्यात कललेली. इंजिन तोवर डिझेल संपून बंद पडलेलं होतं. पंचनाम्याच्या कागदावर 'बुडून' असं आलं. पण गावात कागद कोण वाचतो. "कंबरभर पाणीमा बुडस का कोनी?" झुलालबाबा पारावर बोलले होते. "पवाले येत व्हतं त्याले." आधीच्याच फाल्गुनात भाऊची ठरलेली सोयरीक शिरपूरकडच्या लोकांनी मोडली होती. लोकांनी दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि त्यांची गाठ मारली. पोराने जीव दिला. तोंडावर कुणी म्हटलं नाही, पण माय पाणी भरायला गेली की बायका बोलता बोलता थांबत, आणि थांबलेलं बोलणं माणसाला जास्त ऐकू येतं.

मग विहीर उपसली. माणूस गेलेल्या विहिरीचं पाणी सगळं काढून टाकतात, नवं झिरपू देतात, मग नारळ वाढवून ती पुन्हा वापरात घेतात. ट्रॅक्टरवरचा पंप लावून पाणी नाल्यात सोडलं. इतक्या दुष्काळात एवढं पाणी वाहताना पाहून गावची गुरं नाल्याकडे धावली. माय काठावर आली आणि म्हणाली, "बठ्ठं पाणी काढी टाकशात का?" तिने पदराखालून पाण्याची प्लॅस्टिकची बाटली काढली, दोराला बांधून आत सोडली, भरून घेतली, आणि ती बाटली घरी आणून धान्याच्या कोठीमागे ठेवली. त्या पाण्यात काहीतरी होतं, अशी तिची खात्री होती. औषध, फवारणीचं विष, जमिनीतून आलेलं काही. काहीतरी होतं म्हणून पोरगं बसलं. पुढच्या वर्षी कुठल्या तरी योजनेतून दोन मुली गावात पाणी तपासायला आल्या. काचेच्या नळ्यांमध्ये थेंब टाकत, रंग बघत. माय त्यांच्यामागे गावभर हिंडली. त्यांना तिने काही विचारलं नाही. संध्याकाळी दिपमालाला म्हणाली, "पाणी तपासतस ना त्या पोरी, तसं शिक तू." आबांचं म्हणणं नर्सिंगचं होतं. पण त्या घरात तेव्हापासून आबांचं म्हणणं फार काळ टिकत नसे. आबा स्वतःच ते लवकर सोडून देत.

अशी ती जळगावला आली, मेहरूणमध्ये भूमिकाबरोबर खोली घेऊन राहिली, आणि मायने सोबत दिलेली ती बाटली कपाटात चादरींच्या मागे राहिली. पहिल्याच वर्षी तिला शिकवलं गेलं की नमुन्यालाही वय असतं. भरल्या क्षणापासून पाणी बदलायला लागतं. त्यातलं काही उडून जातं, काही तळाशी बसतं, काही बाटलीच्या प्लॅस्टिकमध्ये मुरतं. ठरावीक वेळेत, थंडाव्यात, योग्य बाटलीत आणलेलं नसेल, तर तो नमुना नाकारायचा असतो. नाकारला, असं लिहून सही करायची असते. हे तिने परीक्षेत उत्तम लिहिलं होतं. मायला सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. "जेवनी का तू?" माय विचारायची, मग ज्वारी कशी आहे, म्हैस कशी आहे ते सांगायची, आणि शेवटी, फोन ठेवायच्या आधी, "आनि ते चालू शे ना तुन्हं?" एवढंच. दिपमाला हो म्हणायची. हो म्हणताना तिची नजर कपाटाकडे जायची, आणि आपण एका बाईची आशा शिळी होऊ देतोय असं तिला वाटायचं.

त्या संध्याकाळी ती खोलीवर आली तेव्हा भूमिका वांगी भाजत होती. "आज तुझं तोंड का असं भरताच्या वांग्यासारखं?" भूमिका म्हणाली. ती रावेरकडची, केळीवाल्यांची मुलगी. तिला कुणाचं गप्प बसणं सहन होत नसे. "काही नाही, डोकं जड आहे," दिपमाला म्हणाली, आणि आपण काय शब्द वापरले हे लक्षात येऊन खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. भाऊचंही डोकं जड झालं असेल. त्याला वाटलं असेल, ऊन लागलं. त्याने पाईपवर हात टेकवला असेल. इंजिनचा आवाज विहिरीच्या गोल भिंतींतून फिरत असेल आणि त्या आवाजात त्याला छान, आळसावल्यासारखं वाटलं असेल. तो बसला. टेकला. सोयरीक मोडल्याचं दुःख त्याला झालं नव्हतंच फार. उलट मोडल्याचा निरोप आला त्या रात्री तो दिपमालाला म्हणाला होता, बरं झालं, ती माझ्याहून दोन बोटं उंच होती, फोटोत मला विटेवर उभं राहावं लागलं असतं. ही गोष्ट तिला आतापर्यंत कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. गावच्या गोष्टीत त्या बोलण्याला जागा नव्हती. आता जागा मिळाली. त्याने जीव दिला नाही. तो मायला सोडून गेला नाही. ती एकदम हसली असावी, कारण भूमिकाने वळून पाहिलं. आणि मग, जसं गणित सोडवताना पेन आपोआप पुढच्या ओळीवर जातं, तसं तिचं मन पुढच्या ओळीवर गेलं. पाण्यात नव्हतं, हवेत होतं. हवेत होतं, म्हणजे इंजिनमुळे होतं. इंजिन आत होतं, कारण ते आत उतरवलं होतं. दोर धरणारे हात तिला स्पष्ट दिसले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेले आबांचे हात.

तिने दिवा लावला नाही. भूमिकाने ताट वाढून आणलं, तिच्या पुढ्यात ठेवलं आणि स्वतःचं ताट घेऊन शेजारी बसली. विज्ञानात एक बरं असतं, दिपमालाला वाटत आलं होतं, की तिथे जे निघतं ते निघतं. पाण्यात नायट्रेट निघालं तर शेतकऱ्याला वाईट वाटेल म्हणून ते कमी लिहीत नाहीत. पण इथे एकच उत्तर होतं आणि ते दोन माणसांना द्यायचं होतं. मायला ते भाऊ परत देणारं होतं, आणि आबांच्या हातातून दोर कधी सुटू न देणारं. शिवाय पुरावा तरी काय? एक गुलाबी रंग, एक बसलेला देह, संपलेलं डिझेल. विहीर उपसली, बाटली भरून घेतली, पण हवा कुणी भरून घेतली नाही. ती त्याच दिवशी, माणसं वर खाली करत असतानाच, विहिरीच्या तोंडातून निघून गेली.

शनिवारी ती निघाली. एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याकडे चालली होती. रस्त्याकडेला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग, मध्येच हरभरा, मध्येच नुसतं रान. आबांचा विचार करायचा म्हटलं की तिला त्यांची पाठच आठवायची. त्या वैशाखानंतर ते कुणाशी भांडले नव्हते की कुणाच्या लग्नात नाचले नव्हते. बागायती सोडून त्यांनी पावसावरचं पीक धरलं. विहिरीकडे जाणारी पायवाट बुजली. एकच गोष्ट त्यांनी हट्टाने केली होती. झुलालबाबांचं इंजिन त्यांनी परत दिलं नाही. वर काढून गोठ्यात आणलं, गोणपाटाने झाकलं, आणि झुलालबाबा मागायला आले तेव्हा काही न बोलता आपली बैलगाडी ओढत नेऊन त्यांच्या दारात उभी केली. इंजिनच्या बदल्यात गाडी. गावाने म्हटलं, चुडामणआबाचं डोकं फिरलं. पोरगं गेलेलं, चालायचंच. माय म्हणाली, पोराचा शेवटचा हात लागलेली वस्तू आहे, राहू दे. दिपमालालाही तसंच वाटत होतं. धुळ्याला तिने एसटी बदलली, आणि फाट्यावर उतरून चालताना लांबून सोनगीरचा किल्ला दिसत राहिला, तेव्हा तिने ठरवलं, मायला सांगायचं. मायला तरी सांगायचं.

माय ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत होती. लेकीला बघून तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सूप थोडं सरकवून जागा केली. आबा रानात होते. दिपमालाही घाटे सोलायला बसली. बरंच सोलून झाल्यावर माय म्हणाली, "काय निंघनं?"

"माय, ते पाणी जुनं व्हयी गयं. त्यामा आते काय समजत नई."

"म्हंजे काय नई व्हतं त्यामा."

"तसं नई..."

"माले वाटनंच व्हतं." मायच्या हातातला घाटा फुटला, दाणा खाली पडला, तिने तो शोधून उचलला. "मंग त्यानी सोताच जीव दिधा. लोके बोलतस तेच खरं."

आणि दिपमालाने सांगितलं. पाण्यात नव्हतं, हवेत होतं. विहिरीतली हवा खराब झाली होती, आणि तशी हवा लागली की माणसाला झोप येते, आणि चेहरा लाल राहतो. कॉलेजातल्या सरांनी सांगितलं, पुस्तकातही तसंच आहे. "त्याले समजनं बी नई, माय. दुखनं नई. झोप उनी आनि तो बसी गया." मायने सूप बाजूला ठेवलं. "झोप?" तिने विचारलं. दिपमाला म्हणाली, झोप. माय तोंडाला पदर लावून रडायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत. भाऊ गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिच्या रडण्यात कसला तरी राग होता, कुणीतरी न सांगता निघून गेल्याचा. आता तो राग निघून गेला. मधेच म्हणाली, "लहानपनी बी असाच व्हता. जेवता जेवता झोपी जाये." दिपमालाने तिच्या पाठीवर हात ठेवला. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. गोठ्यात म्हैस शेपटी मारत होती. मायचे डोळे पुसून झाले, आणि मग तिने तो प्रश्न विचारला.

"हवा कशानी खराब व्हयनी?"

दिपमालाला उत्तर येत होतं. तिने फक्त गोठ्याकडे बघायचं टाळलं, आणि मायने तिचं ते टाळणं पाहिलं. माय स्वतःच गोठ्याकडे बघत राहिली, गोणपाटाखालच्या त्या आकाराकडे, ज्यावरून रोज पहाटे शेण काढताना तिचा हात फिरत होता.

"इंजननी," माय म्हणाली.

मग तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. सोललेले हिरवे दाणे सारखे केले, त्यातला एक किडका काढून अंगणात टाकला. तिच्या तोंडावर राग येईल म्हणून दिपमाला वाट बघत होती. आला नाही. "हाई कोनले सांगू नको," माय हळू म्हणाली. "तुन्हा बापले तं नईच. तो मरी जाई. त्याले इतलं सांग, पाणीमा दोष व्हता. जमीनमाईन उना. कोनाच हातनं नई व्हतं."

"पन माय, ते खोटं..."

"तू शिकेल शे ना? तू सांगशी तं तो मानी." मायने तिच्याकडे पाहिलं. "माले मना पोऱ्या भेटी गया. त्यालेबी काहीतरी भेटू दे."

दिवेलागणीला आबा आले. पाय धुतले. "कव्हय उनी?" त्यांनी विचारलं, आणि दुपारी आली हे ऐकून मान हलवली. मायने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, वर लोणी ठेवलं, ताटं वाढली. दिपमाला आबांच्या समोर बसली. त्यांच्या अंगठ्याचं नख अजून तसंच काळं होतं. त्यांचे दोनतीन घास झाल्यावर माय चुलीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, "पोरीनी पाणी तपासं."

"कोनतं पाणी?"

"आपली इहीरनं. तव्हयनं. मी भरी ठेयेल व्हतं ना."

आबांचा हात ताटात थांबला. त्या बाटलीबद्दल ते या घरात कधी बोलले नव्हते. "मंग?" ते म्हणाले.

दिपमाला पहिल्यांदा निकाल सांगत होती. कॉलेजात नमुना, पद्धत, आकडा, एकक असा क्रम होता. इथे कशाचाच क्रम नव्हता. "पाणीमा दोष व्हता, आबा," ती म्हणाली. "जमीनमाईन उना. तशा दोष ऱ्हास कव्हय कव्हय. पोटमा गया आनि त्याले झीट उनी." तिला स्वतःचा आवाज बाविस्कर सरांसारखा वाटला, खात्रीचा. आबा ऐकत होते. ते तिच्याकडे बघत नव्हते, चुलीतल्या जाळाकडे बघत होते.

"धूरनं काय नई ना?" त्यांनी विचारलं.

किती सहज विचारलं. जणू बाजारात भाव विचारावा. आणि तरी दिपमालाला कळलं की हा प्रश्न आज तयार झालेला नाही. तो फार दिवसांपासून तयार होता, घासून घासून त्याच्या कडा गेल्या होत्या, आणि ज्याला विचारावा असं माणूस या घरात नव्हतं. बुजलेली पायवाट, सोडलेली बागायत, पाठमोरं बसणं, सगळं त्या एका प्रश्नाभोवती उभं होतं. भाऊला काढायला आधी तेच उतरले होते. त्यांचंही डोकं गरगरलं असणार. लोकांनी पोराने जीव दिला म्हटलं, तेव्हा ते गप्प बसले होते, आणि त्या गप्प बसण्यासकट त्यांनी इतकी वर्षं काढली होती. माय चुलीतलं लाकूड मागेपुढे करत होती, विनाकारण.

"नई," दिपमाला म्हणाली. "धूरनं काय नई."

आबांनी मोठा श्वास घेतला आणि सोडला. घास तोंडात घातला, नीट चावला. त्यांचे खांदे खाली आले, हे तिने पाहिलं. आजवर ते वर उचललेले होते हेच तिला माहीत नव्हतं. मायने न विचारता त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी ठेवली. त्यांनी ती नको म्हटली नाही. क्षणभर तिला वाटलं, सरांना काय कळतं. हेच बरोबर आहे. खोटं आहे आणि बरोबर आहे.

"मंग बरं झायं," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा मोकळेपणा आला होता, कामाच्या गोष्टीकडे वळलेल्या माणसाचा. "मी उगाच त्या झुलालनं इंजन आडकायी ठेयं. माले वाटे, आनखी कोना घरमा... जाऊ दे. त्यानी डीपी जळेल शे, कालदिन बी मांगी ऱ्हायंता. पाणी खाल गयं, इहीरमा उतारनं शे म्हने. त्याना धाकला पोऱ्या उतरनार शे. सकायले सांगी देस, लयी जा म्हनीसन."

चुलीत लाकूड फुटलं. माय वळली होती. दिपमालाने तिच्याकडे पाहिलं, आणि मायच्या डोळ्यांत तिला दिसलं की तिलाही झुलालबाबांच्या धाकट्याचा चेहरा आठवतो आहे, गोरा, उन्हाने लगेच लाल होणारा. माय सांग असंही म्हणाली नाही, सांगू नको असंही म्हणाली नाही. तिने ते लेकीवर सोपवलं, आणि दिपमालाला कळलं की तिला शिकायला पाठवलं होतं ते याच्यासाठी, कुणाला माहीत नसताना.

"आबा," ती म्हणाली. "इंजन देऊ नका."

आबांनी वर पाहिलं.

"वर ठेवाले हरकत नई. पन इहीरमा नई. इहीरमा कव्हयच नई."

आबा तिच्याकडे बघत राहिले, मग मायकडे, आणि मायने मान खाली घातली. त्यांच्या हातात भाकरीचा तुकडा होता, त्यावर लोणी होतं. तो त्यांनी सावकाश ताटात परत ठेवला. "बरं," ते म्हणाले. "मी सांगस त्याले. मीच सांगस, इहीरमा काबर नई ते." मग त्यांनी ताटातच हात धुतला, पाण्यात भाकरी भिजली, आणि हात धुऊन झाला तरी ते तांब्यातलं पाणी हातावर घालत राहिले.